तीनदा धुतलेला कॅन

“मॅडम, केवढा ट्रॅक्टर हाय तुमचा? बॅटरीला दहा लिटर पाणी?”

तळेगावातल्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मागणाऱ्या ओवीने चमकून मागे पाहिलं. मागे एक तरुण शेतकरी उभा. हातात मोरचुदाची पिशवी, बोटं निळी, आणि डोळ्यांत मिश्कील हसू!

“ट्रॅक्टर नाही, प्रयोगशाळा. आमचं पाण्याचं यंत्र बिघडलंय. मोरचुदात असतं ना, त्या तांब्यावरच संशोधन करते मी.”

“आमी मोरचूद गुलाबांवर फवारतो. तुमी?”

“कॅन्सरवर.”

त्याचं हसू थांबलं. मग ओवीने सांगितलं… तांब्याचं एक नवं संयुग तिने बनवलं होतं. ते डीएनए तोडतं का, हे ती तीन वर्षं तपासत होती. कॅन्सरच्या पेशीचा डीएनए तुटला, तर ती पेशी मरते. औषध व्हायला मात्र लांबचा पल्ला होता.

दुकानात एकच लिटर पाणी निघालं. तो तरुण, प्रज्ञेश त्याचं नाव, म्हणाला, “आंबीच्या कारखान्यात दोस्त हाय माजा, तितं असलं पाणी मिळतं. आणून देतो.”

दर सोमवारी टाकव्याच्या शेतावरून स्वारी प्रयोगशाळेत हजर! कॅनसोबत एक गुलाब. “वाकडा निघाला, मार्केटला चालत न्हाई.” वाकडे गुलाब इतके देखणे कसे, हे ओवीने कधी विचारलं नाही. सोमवारी ती केस मात्र नीट विंचरायची.

आणि मग घात झाला. संयुग न घातलेल्या कोऱ्या नळीतही डीएनए तुटला! तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, “शुक्रवारपर्यंत कारण शोध. नाहीतर विषय बदल.” तीन वर्षं पाण्यात!

सोमवारी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून तिने हे प्रज्ञेशला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

“मॅडम… गेल्या सोमवारी कॅन फुटलावता. फवारणीच्या कॅनमधनं आणलं पाणी. तीनदा धुतला, आईशप्पथ!”

“प्रज्ञेश! तांब्याचा कणसुद्धा चालत नाही त्यात! चार दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या!”

त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. “सरांना मीच सांगतो. चूक माजी हाय, तुमचा इषय नको जायला.”

आणि गेलाही! ओवी बघतच राहिली. गप्प बसला असता, तर कुणाला कळणार होतं? तिचा राग कुठल्या कुठे पळाला. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे तिने मनाशी सरळ कबूल केलं.

तासाभरात आंबीहून सीलबंद कॅन आले. गुरुवारी तिने प्रयोग नव्याने केला. दिव्याखाली पाहिलं… कोऱ्या नळीतला डीएनए अखंड, संयुगाच्या नळीतला तुटलेला! तिने लगेच प्रज्ञेशला फोन लावला.

“जमलं! फक्त माझ्या संयुगाने तुटला!”

“लय भारी! सर काय म्हनले?”

“सरांना अजून सांगितलंच नाही… आधी तुम्हाला.”

पलीकडून एका बाईचा आवाज आला.

“मॅडम… आई इचारतीय, कुणाचा फोन म्हून. काय सांगू?”

“सांगा, लोणावळ्याच्या ओवीचा. आणि सांगा, ती हो म्हणतेय.”

“पन… मी अजून इचारलंच कुटं?”

“मग विचारा ना! मी फोन ठेवत नाहीये.”