खोकडीच्या माथ्यावरचं बेलपान

या, जरा जवळ सरका. टाळ खाली ठेवा. कीर्तनात बुवा अभंग थांबवून मधेच एखादी कथा लावतात ना, तशी एक मी सांगते. कथा प्रेमाची आहे, पण तिची सुरुवात एका मेलेल्या जनावरापासून होते... ऐका.

चैत्रातल्या एका सकाळी बोरी गावच्या मंगेशला रस्त्याच्या कडेला खोकड, म्हणजे माळावरची लहान कोल्ही, सापडली. मांजराहून थोडी मोठी, झुपकेदार शेपटीची, गाडीनं उडवलेली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजचा कागद होता. असं जनावर दिसलं तर कळवा म्हणून. त्यानं त्या नंबरला फोन लावला. पलीकडून तिथं संशोधन करणारी ऋतुजा म्हणाली, सावलीत ठेवा, मी निघालेच.

ती एसटीतून उतरली तेव्हा मंगेश शेतातल्या लिंबाखाली हात धुऊन उभा. खोकड कुठंच नाही.

"माती दिली," तो म्हणाला. "आमच्या लिंगायतांत तसंच असतंय. बसवून, भस्म लावून, बेलाचं पान वाहून. एवढा जीव उघड्यावर कसा टाकावा मॅडम?"

"मी सावलीत ठेवा म्हटलं होतं."

"सावलीतच हाय की. लिंबाच्या."

ऋतुजाला हसू येत होतं, पण तिनं ते आवरलं. वनखात्याचा परवाना दाखवून तिनं सगळं समजावलं. माळावरची जनावरं अंगावर किती चरबी धरून आहेत, हे ती मोजत होती. जिवंत जनावराचा कणा आणि पुठ्ठे चाचपायचे. मेलेल्याच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी वजन करायची. चरबी म्हणजे त्यांचं धान्याचं पेव, उन्हाळा निभेल का ते त्यावरून कळतं. मंगेशला पटलं, पण एकदा दिलेली माती उकरायची... असं त्याच्या घरात कधी झालं नव्हतं.

ती हळूच म्हणाली, "हिला पिल्लं असतील तर? कुठंतरी उपाशी वाट बघत असतील. तेवढं तरी हिला विचारू द्या."

मंगेशनं हात जोडले, खाली बसला आणि हातांनीच माती काढू लागला. खोरं घेतलं नाही — तिला लागेल म्हणून. ऋतुजानं दिलेले हातमोजे त्याच्या अर्ध्या पंजापर्यंतच आले होते. ती बघत राहिली... वही उघडायचं विसरून.

खोकडीच्या सडांत दूध होतं. पोट उघडून बघितलं, तर मूत्रपिंडाभोवती चरबीचा कण नव्हता. ऋतुजानं वहीत शून्य लिहिलं आणि बराच वेळ पेन तिथंच टेकवून ठेवलं.

"सगळं पिल्लांना दिलंय हिनं."

मग दोघं गायरानात माग काढत हिंडले. ऊन कलता कलता बीळ सापडलं, आतून बारीक कुंईकुंई. मंगेश घरून दूधभाकरी आणायला निघाला होता. ती नको म्हणाली. खाण्याच्या वासानं कुत्री आली तर एकही उरायचं नाही. बाप जिवंत असला तर तोच आणेल. नसला तर... दोघं बाभळीआड दबून बसले.

आणि तो आला. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. तोंडात उंदीर. बिळातून तीन नाकं वर आली. त्यानं उंदीर पिल्लांपुढं टाकला, स्वतः बाजूला बसून राहिला. मंगेशनं बाहीनं डोळे पुसले.

लिंबाखाली परतल्यावर ऋतुजानं खोकडीचं पोट नीट टाके घालून शिवलं. मंगेशनं खोकडीला पुन्हा बसवलं, भस्म लावलं. बेलपान मात्र ऋतुजानं त्याच्या हातातून घेतलं. बोटांना बोटं लागली... कुणीच घाई केली नाही.

पान खोकडीच्या माथ्यावर वाहून, माती ओढून झाल्यावर तो म्हणाला, "तुमचं मोजून झालं. आता कशाला येताव इकडं."

"नराची तब्येत दर आठवड्याला बघावी लागेल. लांबूनच."

"आन् तो तगडा झाल्यावर?"

"मग तुमची बघेन," ती म्हणाली. "सकाळपासून जेवला नाहीत."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, त्यांत मीही होते.

तुमच्याकडं मागणं एवढंच. घरी लेकराच्या ताटात पहिला घास वाढाल, तेव्हा त्या माउलीला आठवा, जिच्यापुढं वहीत शून्य लिहिलेलं आहे.