शंभर टक्के जुळणी

दर गुरुवारी संध्याकाळी सातला राजारामपुरीतल्या चौगुल्यांच्या पिझ्झाघरात खिडकीजवळचं टेबल डॉक्टर ऋजुता केळशीकरसाठी राखून ठेवलेलं असे. तिच्यासमोर दुसरी ताटली, ताटलीत पंज्याएवढी बोलकी डबी, आणि डबीत तिचा नवरा. म्हणजे नवऱ्याचा आवाज. निनाद स्वतः वीस कोटी किलोमीटर दूर, एका लघुग्रहाकडे एकट्याने निघालेल्या यानात होता. त्याचा आवाज पृथ्वीवर पोचायला अकरा मिनिटं लागत.

आज टेबलाशी तिसरी खुर्ची होती. तीवर अवघडून बसला होता तय्यब मुकादम. निनादचा मित्र, मोहिमेच्या नियंत्रण कक्षातला अभियंता आणि या डबीचा जनक.

“वहिनी, नवराबायकोच्या मधे मी कशाला? डबी माझ्याकडे पाठवायची.”

“अहो, बोलता बोलताच बिघडते ती. बघा.” ऋजुता डबीकडे वाकली. “निनाद, जेवलास का?”

“जेवलो की! चौगुल्यांचा तांबडा पिझ्झा आठवत पेस्ट चाटली,” डबी लगेच म्हणाली.

पिझ्झा आणि तांबड्या रश्श्याची वाटी घेऊन आलेले चौगुले तिथेच थबकले. “एक इचारू का? आवाज यायला अकरा मिनिटं लागत्यात म्हणता, मग हे एवढ्या झटक्यात कसं बोलले?”

“ते निनाद नव्हेत, त्यांची पूर्वछाया आहे,” तय्यब म्हणाला. “त्यांच्या दहा वर्षांच्या बोलण्यावर शिकवलेली. ते काय म्हणतील ते ती आधीच म्हणते. खरं उत्तर यायला जाऊन-येऊन बावीस मिनिटं लागतात. ते आलं की डबी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवते आणि जुळणी मोजते. यानातही असंच. तिथे वहिनींची छाया त्यांच्याशी बोलते.”

“आणि जुळतंय किती?”

“नव्वदच्या वर क्वचित. माणूस आहे, काहीतरी वेडंवाकडं बोलणारच.”

“तोच तर बिघाड,” ऋजुता म्हणाली. “चार आठवडे आकडा शंभरावर अडकलाय. आधी मी खूष झाले. म्हटलं, बारा वर्षांच्या संसारात एकदाचं जमलं आमचं!”

ती हसली. चौगुलेही हसले. तय्यब हसला नाही. त्याने डबीचं पाठचं झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

“मोजणी ठीक आहे. वहिनी, उशिराची सोय चालू आहे का?”

चालू होती. निनादला वेळेचं वावडं. स्वतःच्या लग्नालासुद्धा हा गृहस्थ चाळीस मिनिटं उशिरा आला होता, आणि तेही हसत हसत. यानातही तेच करील म्हणून ऋजुतानेच हट्टाने ती सोय करून घेतली होती. तो वेळेवर बोलायला आला नाही, तर यानातली त्याची छाया त्याच्या वतीने उत्तर पाठवी, म्हणजे तिला ताटकळावं लागत नसे. “मग तूही चालू कर, न्याय सारखा,” तो म्हणाला होता. तिनेही केली.

“वहिनी, इथली छाया आणि तिथली छाया एकच. एका प्रश्नाला तिचं उत्तरही एकच. शंभर टक्के जुळलं याचा अर्थ छाया छायेशी जुळली.”

“म्हणजे परत उशीर करतोय मेला.”

“सलग चार आठवडे?”

ऋजुताच्या हातातला घास खाली आला. “नियंत्रण कक्षात रोज अहवाल येतो ना त्याचा?”

“अहवालाचा त्याला कंटाळा. ते काम त्याने छायेवर सोपवलं, आम्ही चालवून घेतलं.”

“आणि अंगावरचा पट्टा? नाडी मोजणारा?”

“खाज येते म्हणून काढला. तुम्हीच त्याची बाजू घेतली होती.”

ऋजुता डबीकडे वळली. मग एकदम म्हणाली, “निनाद, मला घटस्फोट हवाय.”

“आज चीज कमी पडलं वाटतं, म्हणून चिडलीस,” डबी म्हणाली.

आता बावीस मिनिटं. पिझ्झा गार झाला, रश्श्यावर तेलाची साय धरली. कुणी हात लावला नाही. देवा, शिव्या घालू दे त्याला मला, ती मनात म्हणत होती, पण वेगळ्या घालू दे.

बावीस मिनिटांनी डबीचा दिवा लागला. “आज चीज कमी पडलं वाटतं, म्हणून चिडलीस.” खाली आकडा उमटला. शंभर.

“शेवटचं वेगळं कधी बोलला तो?” तिने विचारलं. आवाज तिला स्वतःचाच वाटेना.

तय्यबने नोंदी मागे नेल्या. “गेल्या महिन्यातला पहिला गुरुवार. जुळणी एकोणचाळीस.” त्याने पुढची नोंद वाचली. “त्या दिवशी तुम्ही आला नव्हतात, वहिनी. तुमची छाया बोलत होती.”

त्या दिवशी नणंदेचं डोहाळजेवण होतं. ध्वनिफीत नंतर ऐकायचीही तिने तसदी घेतली नव्हती. त्याचे तेच ते विनोद कोण ऐकणार?

“लावा,” ती म्हणाली.

निनादचा आवाज आला, धाप लागलेला. “ऋजू, सकाळपासून डावा हात जड झालाय. घाम फुटतोय. कक्षात कळवलं तर मोहीम गुंडाळतील. तू डॉक्टर आहेस, तू सांग. तू म्हणालीस तर कळवतो.”

“ॲसिडिटी असेल रे. वेळी-अवेळी खातोस. पाणी पी आणि पड जरा.” ऋजुताचाच आवाज, ऋजुताचंच रोजचं वाक्य. आपण असतो तर दुसरं काही म्हणालो असतो का, हे तिला आठवून आठवून सांगता येईना.

मग बावीस मिनिटांची शांतता. तय्यब ती पुढे ढकलायला गेला, तिने त्याचा हात धरला. सगळी ऐकली.

“शंभर टक्के जुळलंय, ऋजू,” निनाद अगदी हळू म्हणाला. “म्हणजे तू नाहीयेस. उशीर झाला असेल तुला. असू दे. आज मी थांबतो. तू आलीस की तुलाच विचारतो.”

त्यावर डबीतली ऋजुता हसून म्हणाली, “अरे वेड्या, मी इथेच तर आहे.”