नौमानचा डब्बा

दुःखाच्या दिवसांत शेजारून आलेलं भांडं रिकामं परत देऊ नये, एवढं तर लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणून इद्दतीचे, विधवेनं घरातच काढायचे, चार महिने दहा दिवस संपल्यावर शाइस्ता पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडली ती हातात पातेलं घेऊन, आणि पातेल्यात रव्याचा शिरा. तिचा नवरा नौमान गेला तेव्हा त्याच्या दोस्ताच्या घरून, नाजिशकडून, डाळ-भात आला होता, त्याचंच ते पातेलं. दुपारची वेळ. अख्खं वडनेर उरलासुरला कापूस वेचायला शेतात गेलेलं. आता खरं सांगायचं तर पातेलं नुसतं निमित्त होतं. बाई निघाली होती आपला नवरा परत आणायला.

नौमान शेतकरी खरा, पण त्याचा जीव गिटारमध्ये. बीटीचं बियाणं नवं होतं, अळी फिरकत नव्हती, त्या चांगल्या वर्षांत त्यानं कापूस विकून मुंबईहून एक डिजिटल अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, मागवला. घरात त्याला सगळे डब्बाच म्हणत. त्या काळ्या डब्यात म्हणे जगातल्या मोठमोठ्या अँपांचे आवाज भरलेले. एक बटण फिरवलं की सूर स्वच्छ यायचा, आणखी फिरवलं की तोच सूर भरडा होऊन अंगावर यायचा. मनासारखा आवाज लागला की बटण दाबून तो आत जपूनही ठेवता यायचा. त्याचा दोस्त सकलैन याची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. लग्नं, उरूस, सगळीकडे दोघं जायचे. सोनाळ्यापासून नांदुऱ्यापर्यंत लोक नौमानचं नाव घ्यायचे.

ऐकलं नव्हतं ते एकट्या त्याच्या बायकोनं. त्याच्या आईचं, सुगराबीचं, मोठ्या आवाजानं डोकं उठायचं. म्हणून घरात तो कानाला हेडफोन लावून वाजवायचा. सगळे सूर वायरीतून त्याच्या एकट्याच्या कानात, आणि शाइस्ताच्या वाट्याला तारांची कोरडी टकटक. ऑर्केस्ट्राला त्या घरच्या बायका जात नसत. एकदा ती म्हणाली, "मले बी लावा ना ते कानाले." तो म्हणाला, "लावू मंग." ते मंग काही उगवलं नाही.

मोठ्यानं वाजवायची हुक्की आली की तो सकलैनच्या घरी जायचा. तिथं एक खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली असे. कापूस आवाज पिऊन टाकतो, शेजाऱ्यांना त्रास नाही. सकलैनची बायको नाजिश तिथं बसून ऐकायची, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कोणाला काही वाटत नव्हतं. शाइस्ताला वाटायचं. नवरा घरी आला की त्याच्या बाहीला चिकटलेले कापसाचे तंतू ती एकेक करून काढायची आणि चुलीत टाकायची.

मग गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. बीटी असो की आणखी काही, बोंड फोडलं की आत अळी. फवारणीवर फवारणी सुरू झाली. एका दुपारी वारा उलटा वाहत असताना नौमान पाठीवर पंप घेऊन डोक्याइतक्या कपाशीत शिरला. औषध नाकातोंडात गेलं. संध्याकाळी त्याला खामगावच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून त्याची मयतच आली.

मयताच्या चाळिसाव्या दिवशी त्याच्या वस्तू देऊन टाकायची रीत. कपडे गेले, चपला गेल्या, आणि सुगराबीनं डब्बा सकलैनला दिला. शाइस्ता इद्दतीत, आतल्या खोलीत. तिला कोणी विचारलं नाही. खुंटीवरची गिटार तेवढी राहिली.

पुढं एकदा शेजारच्या सोजराबाईनं भिंतीवरून हळूच सांगितलं, "शाइस्ता, तुह्या नवऱ्याचा डब्बा वाजते म्हणे नाजिशच्या घरी. भर दुपारी."

"सकलैनभाई वाजवत असतीन."

"तो तं दिवसभर नांदुऱ्याले राह्यते. आपोआप वाजते म्हणे... अन् नाजिश बसते ऐकत."

दुसरी कोणी असती तर भ्यायली असती. शाइस्ता आधी जळली. मेलेला माणूस परत येतो, आणि स्वतःच्या घराची वाट सोडून दुसऱ्याच्या बायकोपुढं जाऊन बसतो? वा रे वा. इद्दतीत घराबाहेर पडता येत नव्हतं. तिनं दात-ओठ खात ते दिवस काढले, आणि संपले त्याच दुपारी पातेलं उचललं.

नाजिशनं शिरा काढून घेतला आणि तिला कापसाच्या खोलीत नेलं. खोलीत उजेड असा नव्हताच. कोंदट, सरकीचा वास. पत्रा उन्हानं तापून मधूनच कडकन वाजायचा. कोपऱ्यात पाटावर डब्बा होता, त्याची वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली.

"मीच काढून ठेवली वायर," नाजिश दबक्या आवाजात म्हणाली. "तरी बी वाजते, भाभी..."

"काय वाजवते?"

"एकच धून. लय हळू..."

"भेव नाही वाटत तुले?"

नाजिशनं मान खाली घातली. "पहिले वाटलं. आता सवय झाली."

सवय. शाइस्ताला तो शब्द इंगळीसारखा डसला. दोघी बसून राहिल्या. अंगाला कापसाची खाज सुटली, ऊन दारातून सरकलं, डब्बा मुकाच. शेवटी नाजिश म्हणाली, "तुम्ही हाय म्हणून असंल..."

शाइस्ता उठली. "माह्या मालकाचा हाय. घेऊन जातो मी." नाजिशनं अडवलं नाही. पण दारापर्यंत आली आणि डब्यावरून एकदा हात फिरवला. शाइस्तानं ते पाहिलं.

घरी तिनं डब्बा गिटारखाली ठेवला. रोज दुपारी सुगराबी झोपली की ती त्याच्यासमोर बसायची. वायर लावून पाहिली, काढून पाहिली, आत जपलेले आवाज एकेक लावून पाहिले. गिटार जोडून तारा छेडल्या तर तिचाच बेसूर खणखणाट ऐकू आला. ती त्याच्याशी भांडली, रडली, हात जोडले. "एक डाव वाजवा ना... माह्यासाठी." डब्यातून विजेची नुसती गुणगुण यायची.

शाइस्ता शिवणकाम करायची. एका दुपारी नाजिश आपली पिवळी ओढणी पिको करायला घेऊन आली. "चाची निजल्या का?" तिनं सुगराबीच्या बाजेकडं पाहत विचारलं. शाइस्तानं तिला त्याच खोलीत बसवलं आणि चहा टाकायला चुलीपाशी गेली. दूध वर येत होतं, आणि मागून सूर आला. एकच तार, लांब ओढलेली. शाइस्ताच्या हातून भांडं निसटलं, दूध हातावर सांडलं, त्याचंही तिला कळलं नाही. ती धावली. तिचा पाय खोलीत पडला आणि सूर मधेच तुटला. नाजिश डब्याकडं पाठ करून, डोळे मिटून बसली होती. खोलीत फवारणीच्या औषधाचा उग्र वास भरला होता.

"थांबला, भाभी..." नाजिश म्हणाली. तिचे गाल ओले होते. चहा न घेताच ती निघून गेली. ओढणी राहिली.

त्या रात्री शाइस्ताला झोप कुठली. जळून जळून तिची राख व्हायची पाळी आली होती. बरं, नवऱ्याला विचारावं तर तो मातीत, आणि नाजिशला विचारावं तर काय म्हणून विचारणार? दुसऱ्या दुपारी तिनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि नाजिशची ओढणी डोक्यावरून घेतली. ओढणीला मोगऱ्याच्या अत्तराचा वास होता. ती डब्याकडं पाठ करून बसली, नाजिश बसली होती तशीच, गुडघे जवळ घेऊन.

बराच वेळ काही नाही. मग समोरच्या भिंतीवर डब्याच्या दिव्याचा लालसर उजेड पडला. वीज गेलेली होती. पाठीला ऊब लागली. आणि तो वाजवू लागला.

कसं सांगू? एवढी वर्षं जिची नुसती टकटक ऐकली, ती ही धून होती. संथ, ओली, कोणाला तरी जवळ बोलवावं तशी. शाइस्ताला वाटलं, हे माझं होतं. हे सगळं माझं होतं आणि मला कोणी दिलं नाही. औषधाचा वास दाट होत मानेपाशी आला. तिनं मागं पाहिलं नाही. पण बाईमाणसाचं काळीज ते, हुंदका फुटलाच.

सूर थांबला. डब्याच्या जाळीतून आवाज आला, अगदी कानाशी कुजबुजल्यासारखा. नौमानचा.

"नाजिश... हळू. शाइस्ता ऐकंल."

शाइस्तानं तोंडावर ओढणीचा बोळा दाबून धरला. उठून जावं, डब्बा विहिरीत टाकावा, सगळं तिच्या मनात आलं. थोड्या वेळानं धून पुन्हा सुरू झाली, आणि ती बसून राहिली.

दुसऱ्या दुपारीही बसली. तिसऱ्याही. सोजराबाईनं हाक मारली तर दार उघडेना.

आठवड्यानं नाजिश दारात येऊन उभी राहिली. "पिको झालं का, भाभी?"

"नाही अजून. मशीन बिघडली." शाइस्ता दार पुरतं न उघडताच बोलली. पिवळी ओढणी तिच्या खांद्यावरच होती.

नाजिश ओढणीकडं पाहत राहिली, मग आतल्या खोलीकडं. आता तो तुमच्यापुढं वाजवतो का, हे तिला विचारायचं होतं.

तेवढ्यात सुगराबीला जाग आली. म्हातारीची नजर धड होती, कान तर फारच तिखट. बाजेवरून उठून बसत तिनं शाइस्ताच्या पाठमोऱ्या अंगाकडं पाहिलं आणि विचारलं, "नाजिश, दारात कोण आलं व?"

दारातली नाजिश दचकून काही बोलणार, तोच शाइस्तानं मागं न वळता उत्तर दिलं.

"कोणी नाही, चाची."

सासूला ती आजवर अम्मी म्हणत आली होती.