भरल्या गाडीचं वजन

घरगाडीला वजनकाट्यावर थांबावं लागतं की नाही, यावरून बीड सोडल्यापासून बहीणभावाचं चाललं होतं.

"आपन काय वाळू भरलीय काय?" आदिनाथ स्टेअरिंगवरचा एक हात उचलून म्हणाला. "आत दोन पलंग, एक शेगडी अन् माय. घराला कुनी काट्यावर घालतं व्हय?"

"घर हाय हे तुला म्हाईत, दादा," करिष्मा म्हणाली. "कागदावर आजून मालवाहू टेम्पोच हाय. मालवाहू म्हनलं की काटा आला."

"म्हंजे आपन माल?"

"आरटीओपुरतं तरी."

मागच्या पलंगावर उताणी पडलेली सायली, आदिनाथची पाच वर्षांची पोर, "मी माल, मी माल" करत खिदळली. तिच्या उशाशी बसलेली आजी चंद्रभागाबाई मात्र हसली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

याच टेम्पोतून आदिनाथने कितीतरी वर्षं ऊसतोडीची माणसं कारखान्यांवर नेऊन सोडली होती. गेल्या वर्षी त्याने तो दारात उभा केला आणि प्लायवूड, स्पंज, पाण्याची टाकी, आईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे असं जमवत त्याचं घर केलं. फिरायला येणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायचं. सोमवारी तपासणी होती आणि तिथे दोन पावत्या लागणार होत्या: माणसांसकट भरल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं. ते करून धारूरला किल्ल्याच्या पायथ्याशी मुक्काम करायचा, घरगाडीतली पहिली रात्र, असा बेत होता. करिष्मा बीडच्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायची. वजनासारखी सरळ गोष्ट जगात दुसरी नाही, असं ती मुलांना नेहमी सांगत असे.

रस्त्याच्या कडेला बंद साखर कारखान्याची चिमणी दिसू लागली तशी चंद्रभागाबाई पहिल्यांदा बोलली.

"इथं नगं. दुसरा काटा बघ."

"माय, हितला काटा खरा हाय म्हनून तर समदे हितंच येत्यात."

तिने सायलीच्या अंगावर हात ठेवला.

कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. यंत्रं केव्हाच भंगारात गेली होती आणि चिमणीच्या गळ्याशी पिंपळ उगवला होता. काटा तेवढा चालू होता. कापसाच्या, सोयाबीनच्या गाड्या तिथे वजनाला यायच्या. लोखंडी फळीसमोरच्या खोलीत बिभीषण नावाचा जाडसर माणूस बसायचा. त्याच्या खिडकीत वजनाचे लाल आकडे उमटायचे.

करिष्मा खाली उतरली आणि थबकली. जानेवारीचं उतरतं ऊन होतं. बंद कारखान्याच्या मातीतून अजून मळीचा आंबूस-गोड वास येत होता. समोर गाडीतळ. तिच्या लहानपणी इथे टायरगाड्यांच्या रांगा लागायच्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज सकाळपर्यंत चालायचा. आईबाप ऊसतोडीला यायचे तेव्हा पलीकडच्या माळावर त्यांची कोपी, उसाच्या पाल्याची झोपडी, असायची.

भरली गाडी काट्यावर जायची तेव्हा आई तिला उसाच्या मोळ्यांवर बसवायची. सगळेच बसवायचे. पोरांचं वजन उसात धरलं जायचं आणि रिकाम्या गाडीच्या वजनाला पोरं खाली उतरलेली असायची. तेवढाच पंधरा-वीस किलोंचा फायदा. काट्यावर जाण्याआधी करिष्मा तांब्याभर पाणी पिऊन घ्यायची, म्हणजे आपण जड होऊ. बाप खालून ओरडायचा, "दम धर गं, करिष्मे!" मग ती श्वास रोखायची. वरून सगळा कारखाना दिसायचा. आपल्यामुळे घराचा फायदा होतो याचा केवढा अभिमान वाटायचा! शेजारच्या गाडीवर मंगल बसलेली असायची. तिच्याच वयाची, तिची खेळगडी. मंगल पळण्यात पटाईत होती. उसाच्या वाळल्या पाचटावरून धावत जायची आणि पाचट वाजायचंही नाही. करिष्माला तिचा फार हेवा वाटायचा.

"काय भरलंय?" बिभीषणने विचारलं.

"घर," आदिनाथ म्हणाला.

"बायकू रुसून माहेरी गेली वाटतं. घरच घिऊन निगालास बे तू!"

"धा दिवसांनी येनाराय. तवर घर फिरवून आनतो म्हनलं."

दोघं हसत होते तेवढ्यात करिष्माने सायलीला मागच्या शिडीवरून टपावर चढवलं. तिथे सामानासाठी कठडा होता, पडायची भीती नव्हती.

"आत्या, लई लांबचं दिसतंय!"

"आता दम धर. मी सांगंपर्यंत सोडायचा न्हाई."

ती पुढे येऊन भावाशेजारी बसली. गाडी लोखंडी फळीवर चढली. वरती सायलीने गाल फुगवले असणार, या विचाराने करिष्माला हसू आलं. खिडकीत आकडे धावले आणि ठरले. तीन हजार एकशे पंच्याऐंशी.

"झालं," बिभीषण म्हणाला. "आता समदी उतरा. रिकाम्याचं करू."

चंद्रभागाबाई मागच्या दाराने उतरली. तिने इकडे तिकडे पाहिलं.

"पोरगी कुटं हाय?"

"वर हाय, माय. मी बसायची तशी बसवली," करिष्मा उत्साहाने म्हणाली.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "वजन झालं?"

"झालं की."

ती शिडीचा दांडा धरून उभी राहिली.

रिकाम्या गाडीचं वजन तीन हजार पाच भरलं. करिष्माने सवयीने मनात बेरीज केली. दादा सत्तर, आपण अठ्ठेचाळीस, आई चव्वेचाळीस, सायली सतरा. हिशेब बरोबर जुळला. आदिनाथने गाडी पुढे घेतली आणि पावत्या आणायला गेला. मोकळ्या फळीवर सायली एका पायावर उड्या मारू लागली.

खिडकीत शून्य होतं.

करिष्मा बघत राहिली. काटा पाच-पाच किलोंनी पुढे सरकतो. म्हणजे पंधरा तरी दाखवायला हवं होतं.

"सायली, एका जागी उभी राहा बरं."

ती राहिली. शून्य.

करिष्मा स्वतः फळीवर गेली. पन्नास. तिने सायलीला उचलून कडेवर घेतलं. पोरीचा भार हाताला नेहमीसारखाच लागत होता. पन्नास. सायलीला खाली ठेवलं. पन्नास.

"काटा बिघडलाय," ती म्हणाली.

"परवाच तपासनी झाली, ताई." बिभीषण खुर्चीतून अर्धवट उठला होता. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "खरं सांगू का, हितं लोक बारकी पोरं खाली उतरवूनच भरली गाडी घालत्यात. कावून, ते मी कुनाला इचारलं न्हाई."

आदिनाथ पावत्या घेऊन आला. त्याने सायलीला फळीच्या मधोमध उभं केलं, मग कडेला, मग पुन्हा मधोमध. आकडा हलला नाही. तो हसायचा प्रयत्न करत होता, पण पोरीचं मनगट त्याने घट्ट धरून ठेवलं होतं.

"माय," करिष्माने विचारलं, "मंगल कुटं गेली गं?"

चंद्रभागाबाई खाली बसली.

"तिच्या मायनं दोन सालं तिला वर बसिवली. तुजंबी बसनं चालूच हुतं. पर काट्यानं तिला धरलं. आदी पाचट वाजायचं बंद झालं. मग कोपीतल्या वाकळंवर निजली तर उठल्याव वळ दिसंना. वारं सुटलं की तिची माय तिला पोटाशी धरून बसायची."

"मग?"

"मग कोपीत दोगं नवराबायकूच ऱ्हायले. कुनी रडलं न्हाई. रडायला काय झालंच नव्हतं. त्या दिवसापसनं तुला मी वर बसू दिलं न्हाई."

करिष्माला आठवलं. एका हंगामात आईने अचानक तिचं वर बसणं बंद केलं होतं आणि ती दिवसभर रुसून बसली होती. मंगलचे आईबाप मध्येच गाव सोडून गेले, एवढंच तिला सांगितलं होतं.

"माय, ह्यो यंत्राचा दोष हाय. सेन्सर म्हनून असतंय, त्ये—"

"आसंल. मग माजं काय जातंय?" चंद्रभागाबाई उठली आणि पदर खोचला. "आदिनाथ, गाडी काट्यावर घे. भरल्याचं वजन पुन्यांदा कर. पोरीच्या जागी मी वर बसते."

"कशाला?"

"घे म्हनते ना."

ती शिडीवरून टपावर चढली. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण उसाच्या मोळ्यांवर चढावं तशी सरसर चढली. वर मांडी घालून बसली आणि नातीकडे बघून गाल फुगवले. सायली टाळ्या पिटू लागली.

करिष्माला तिला अडवायचं होतं. पण अडवायचं तर आधी हे खरं मानावं लागलं असतं. आणि सायली तिचं बोट धरून उभी होती.

आकडा उमटला. बिभीषणने तो टिपून घेतला.

चंद्रभागाबाई खाली उतरली. रिकाम्या गाडीचं वजन झालं. गाडी पुढे गेली.

"जा बाळा, फळीवं जा," ती म्हणाली.

सायली धावत गेली.

पंधरा.

आदिनाथने तिला उचलून छातीशी धरलं. "बघ, तू म्हनलीस तसा बिघाडच हुता! लागला ठिकान्यावर!" तो इतक्या मोठ्याने बोलला की चिमणीवरचे पारवे उडाले.

"माय, तू बी एकदा उभी राहा," करिष्मा म्हणाली.

"मला काय करायचंय वजन? चला, दिवस मावळायच्या आत धारूर गाठू."

वाटेत ती कधी नव्हे एवढं बोलली. कोपीतल्या थंडीचं, उसाच्या शेंड्यांचं वाढं विकून आणलेल्या गुलाबी रिबिनीचं, करिष्माचा बाप काट्यावर नंबर लागेपर्यंत बैलांशी कसा बोलत बसायचा त्याचं. आदिनाथ हसून हसून बेजार झाला. घाटाच्या वळणावर तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि वारं सुटलंय म्हणून लगेच आत घेतला.

किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांनी भाकरी-पिठलं खाल्लं. नव्या पलंगावर चंद्रभागाबाईने नातीला कुशीत घेतलं. समोरच्या पलंगावर करिष्मा, आणि आदिनाथ पुढच्या सीटवर.

उजाडताना करिष्माला जाग आली. पडद्यातून करडा उजेड येत होता. समोर दोघी गाढ झोपल्या होत्या. दोघींचा श्वास संथ चालू होता. आदिनाथने आणलेला स्पंज स्वस्तातला, मऊ होता. सायलीच्या अंगाखाली तो चांगलाच दबला होता, तिच्याएवढाच लहानसा खळगा.

तिची आजी झोपेत घरंगळून त्या खळग्यात आली होती.

रात्रभर आजी निजली होती त्या बाजूची गादी सपाट होती, एक वळही नव्हता.