डिस्कवर जागा नाही

दिवा चालू राहू दे, म्हणजे सांगतो.

आई गेल्यावर दादाकडे मी पहिल्यांदाच गेलो, तेही त्याचा कॉम्प्युटर अपडेट घेईना म्हणून. घराच्या पुढच्या भागात त्याचं चष्म्यांचं दुकान. कॉम्प्युटर मात्र मागे, आई शेवटी झोपायची त्या खोलीत. तिचा पलंग कधीच देऊन टाकलेला. भर दुपारीही पडदे ओढलेले होते आणि फिनेलचा वास कोंडला होता.

अपडेट टाकण्याआधी डिस्कवर जागा किती ते पाहिलं. जवळजवळ नव्हतीच. चष्म्याच्या नंबरांनी डिस्क भरते थोडीच? शोधता शोधता एक लपवलेलं फोल्डर निघालं. आईवर लक्ष ठेवायला लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण.

एक फाइल उघडली. आई उशीवरून मान उचलून विचारत होती, "धाकट्याला बोलावलंस?"

"बोलावलं. वेळ नाही म्हणाला," दादाचा आवाज.

मला तो फोनवर सांगायचा, आई बरी आहे, यायची घाई करू नकोस. पुढची उघडली... तोच प्रश्न, तेच उत्तर. नंतर नंतर आईने विचारणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सगळ्यांत खालच्या फाइलवर आजची तारीख होती. आणि ती वाढत होती, म्हणजे चित्रण अजून चालूच होतं... मी वर पाहिलं. कॅमेऱ्याच्या जागी भिंतीत नुसती स्क्रूची भोकं.

"पुसून टाक," दाराशी दादा उभा होता. "मी पुसलं की परत भरतं. तुझं ऐकेल ती..."

"का केलंस असं?"

"सेवा मी केली, नाव तुझं घ्यायची. शेवटी तरी माझी होऊ दे म्हटलं."

मी ती फाइल उघडली. हीच खोली, तोच पलंग, आणि पलंगावर आई.

"आई, मला कुणी सांगितलंच नाही गं..."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पलंगावर हळूच सरकून तिने बाजूला एका माणसापुरती जागा केली, आणि दाराकडे बघून हात पुढे केला. दादा पुटपुटला, "आलो..."

मी काहीही न पुसता बाहेर पडलो.

परवा वहिनीचा फोन आला. दादा आता त्याच खोलीत जमिनीवर झोपतो म्हणे. दिवसभर दुकानात उभा असतो, तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसासारख्या त्याच्या पाठीवर जखमा झाल्यात.

"भाऊजी," ती अगदी हळू म्हणाली, "घरात मलम नाही... पण रोज सकाळी त्या जखमांना कुणीतरी ताजं मलम लावलेलं असतं."