तीन टक उजवीकडे

"ते माझं आहे," मी म्हणाले.

"नाव लिहिलंय का कुठं?" त्यानं विचारलं आणि पिस्तूल आपल्याकडे ओढलं.

बायामोच्या आमच्या नेमबाजी क्लबात दोनच एअर पिस्तुलं. त्या दुपारी एकाची हवा गळायला लागली आणि उरलेल्या एकावर दोन हात एकदमच पडले, एक माझा आणि एक ओस्मेलचा. तो क्लबात नवा होता, मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. वर पाऊस पत्रा बडवत होता. आमचे प्रशिक्षक एलोय, त्यांना आम्ही प्रोफे म्हणायचो, वैतागून म्हणाले, "भांडू नका. दोघांत एक. आधी यामिला मारेल, मग तू."

"ठीक आहे," ओस्मेल म्हणाला. "पण राणीसरकार, फार तापवून ठेवू नका."

"तुझ्यासाठी बर्फात घालून ठेवते."

तो हसला. हसताना त्याचा उजवा डोळा जरा जास्त मिटायचा... मी उगाच तेवढं बघून ठेवलं.

पिस्तुलाला पुढे एक माशी असते आणि मागे एक खाच. खाचेच्या ऐन मध्ये माशी बसवायची, नजर माशीवर ठेवायची आणि लक्ष्य धूसर दिसू द्यायचं. पण ज्याचा त्याचा डोळा वेगळा, म्हणून खाच सरकवायला बाजूला बारीक स्क्रू असतो. फिरवला की टक वाजतो. ओस्मेलला खाच माझ्यापेक्षा तीन टक उजवीकडे लागायची. आमच्याकडची रीत अशी की देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या डोळ्याप्रमाणे खाच लावून द्यायची. माझे छर्रे संपले की मी तीन टक उजवीकडे फिरवायची, त्याचे संपले की तो तीन टक डावीकडे.

"तुझ्या हातचे टक ओळखू येतात मला," तो एकदा म्हणाला. "हळू वाजतात."

"टक कुठं हळू वाजतात? येडा आहेस."

"असेन. पण तुझे — हळू वाजतात."

दुसऱ्या दिवशी माझा एकही छर्रा दहावर बसला नाही. प्रोफे ओरडले. ओस्मेल खांबाला टेकून उभा होता, जसं काही त्याचा काही संबंधच नव्हता.

मग जानेवारीत त्याचा नेम बिघडला. छर्रे डावीकडे जायला लागले, आधी नऊवर, मग आठवर. जूनमध्ये हवानाला राष्ट्रीय निवड होती आणि ओस्मेलला आयुष्यात तेवढं एकच हवं होतं. तो खाच सरकवायला गेला तर प्रोफेंनी त्याच्या हातावर चापट मारली. "स्क्रूला हात लावायचा नाही. चाप ओढताना मनगट वळतंय तुझं. आधी हात सुधार. आळशी माणूस स्क्रू फिरवतो."

ओस्मेलनं मुकाट्यानं ऐकलं. तो घरी पाण्यानं भरलेली बाटली धरून तास तास उभा राहायचा. छर्रे डावीकडेच जात होते. त्याची थट्टामस्करी बंद झाली. आमच्या नेहमीच्या गाड्यावर उसाचा रस समोर ठेवला तरी तो नुसता पेला फिरवत बसायचा. "असंच चाललं तर प्रोफे दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील," तो म्हणाला. मला त्याचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं.

म्हणून एके दिवशी मी चौथा टक फिरवला.

त्याला सांगितलं नाही. त्यानं हात उचलला, श्वास सोडला... आणि दहा. पुन्हा दहा. तो वळून माझ्याकडे बघत राहिला. "मनगट सुटलं गं!" तो म्हणाला. मी म्हटलं, "बाटलीची कृपा." तो परत देताना तीनच टक मागे फिरवायचा, उरलेला मी गुपचूप फिरवून घ्यायची. मार्चमध्ये पाच झाले, एप्रिलमध्ये सात. तो हवानाला निघाला तेव्हा अकरा.

पिस्तूल म्हातारं झालंय, खाच सैल झालीय, असं मला वाटायचं. खोटं कशाला सांगू, तसं मला वाटून घ्यायचं होतं. त्याच पिस्तुलातून माझे छर्रे सरळ जात होते. खोट पिस्तुलात असती तर माझेही भरकटले असते. एवढी साधी गोष्ट मी मनात येऊच दिली नाही, कारण तो पुन्हा हसत होता आणि मला तेवढंच हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "परत आलो की तुझ्या आईला भेटायला येणार आहे."

"कशाला?"

"कॉफी प्यायला. आणि... पुढचं तू ओळख."

"मला नाही ओळखायला येत."

"मग लाल कशाला झालीस?"

चार दिवसांनी तो परत आला, तो सगळ्यांत शेवटचा नंबर घेऊन. क्लबाबाहेरच्या बाकावर बसला होता. मी शेजारी बसले.

"तिथल्या पिस्तुलावर मी माझे नेहमीचे तीन टक लावले, तर सगळे छर्रे डावीकडे. म्हणून डॉक्टरांनी डोळा तपासला," तो म्हणाला. "बुबुळावरचा काचेसारखा पडदा असतो ना, तो पातळ होऊन पुढे आलाय. एकाचे दोन दिसतात. मी माशी म्हणून तिची सावली खाचेत बसवत होतो. उजवा गेल्यातच जमा आहे. डाव्यातही सुरू झालंय." तो थांबला. "नेम भरकटला तेव्हाच आला असतास तर थांबवता आलं असतं, म्हणाले. मी म्हटलं, भरकटला होता, पण सुधारला की मग. तर म्हणाले, असं होत नसतं. तुला काय वाटतं यामिला... कसा सुधारला असेल?"

मी गप्प बसले असते तर कुणालाही कधी कळलं नसतं. पण तो माझ्याकडे तोंड करून बसला होता आणि माझा चेहरा शोधत होता.

"मी फिरवत होते," मी म्हणाले. "जास्तीचे टक."

"किती?"

"अकरापर्यंत गेले."

"का?"

"तू आवडतोस म्हणून. तुझं तोंड उतरलेलं बघवेना म्हणून."

"मलाही तू आवडतेस," तो म्हणाला. "हे असं नव्हतं सांगायचं मला." मग उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवणार होता, पण ठेवला नाही. "काही दिवस माझ्यासमोर येऊ नकोस. तुला वाईटसाईट बोलेन आणि मला ते बोलायचं नाहीये."

मी गेले नाही. घरी खूप रडले, पिस्तुलाला पुन्हा हात लावला नाही, पण गेले नाही.

डिसेंबरात एका सकाळी मी पावाच्या दुकानापुढे उभी होते. लोक इथं तिथं सावलीला पांगलेले; आमच्याकडे रांग लावत नाहीत, शेवटचं कोण ते विचारून त्याच्यामागे आपला नंबर धरतात. भिंतीला हात लावत लावत ओस्मेल आला. गडद चष्मा, एका बाजूनं चुरगळलेला शर्ट. माझ्यापासून दोन हातांवर थांबला आणि सगळेच विचारतात तसं त्यानं विचारलं, "शेवटचं कोण?"

शेवटची मी होते. मी हात वर केला. त्याला तो दिसला नाही.

"शेवटचं कोण आहे?" त्यानं पुन्हा विचारलं. आता लोक माझ्याकडे बघायला लागले. उत्तर द्यायलाच हवं होतं.

"मी," मी म्हणाले.

त्यानं आवाज ओळखला. भिंतीवरचा त्याचा हात तिथंच राहिला. तो परत फिरेल असं मला वाटलं, आणि त्याला तो हक्क होता.

"बरं," तो हळूच म्हणाला. "मग तुझ्यामागे मी."

आणि तो माझ्यामागे उभा राहिला. माझी पाळी आली तेव्हा मी पाव घेतला आणि बाजूला झाले, त्याला पायरी नीट लागेपर्यंत थांबले, आणि मग घरी गेले.