गुडमारचा पेला

"दीदी, गोली के साथ काढ़ा चल रहा है तो डॉक्टर से एक बार पूछ लेना," सिविक सेंटरच्या औषध दुकानातला सुखराम म्हणाला होता. गुंजन नुसती हसली होती... वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झालेल्या बाईला हा गुडमारसारखी वनौषधी शिकवतोय!

सासूबाईंची, सिंधुताईंची, साखर गोळीनं पुरती आवरत नव्हती आणि इन्सुलिनच्या सुईचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा. म्हणून गुंजन रोज पहाटे उठून गुडमारची पानं नि जांभळाच्या बिया उकळायची, अर्क गाळायची, सकाळ-दुपार एकेक पेला स्वतःच्या हातानं द्यायची. मशीनवरचा आकडा उतरला की तिचं अंतःकरण कृतार्थ व्हायचं.

एकदाच सिंधुताई म्हणाल्या होत्या, "हे पेलं का हातपाय थरथरते माहे."

"सुरुवातीला होतं असं, आई. सवय होईल."

त्यानंतर त्या कधी काही बोलल्या नाहीत...

खमरछठ आली, लेकरांच्या आयुष्यासाठी आयांनी धरायचा इथला उपास. नोकरीपायी या हिंदी मुलखात, रिसालीत आल्यापासून या घरानंही तो आपलासा केला होता. दुपारची पूजा झाल्यावर पसहर, म्हणजे न नांगरता उगवलेल्या, तांदळाच्या भातानंच तो सुटायचा. पण चार वर्षांची स्वानंदी तीन दिवस तापानं फणफणत होती आणि गुंजन थर्मामीटर हातात घेऊन तिच्या उशाशी बसलेली.

"तू यंदा राहू दे उपास," सिंधुताई म्हणाल्या. "तीन दिवसांची जागी हायेस. देवाले समजते."

गुंजननं त्यांना पोह्यांची ताटली दिली, गोळी दिली, पेला दिला. दुपारी दुसरा पेला दिला. लेकीनं किती घास खाल्ले ते तिला अचूक ठाऊक होतं... सासूनं किती, ते पाहायला ती वळली नाही.

अर्ध्या तासानं स्वयंपाकघरात भांडं पडलं. सिंधुताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, घामानं लुगडं भिजलेलं, नजर भिरभिरणारी. ओट्यावर पोह्यांची ताटली सकाळपासून तशीच झाकलेली होती.

गुंजननं साखरेचं पाणी त्यांच्या ओठांना लावलं.

"माती कावून चारून राहिली मले?" त्या पुटपुटल्या.

गुडमारनं जिभेवरची गोडी जाते, हे गुंजननं परीक्षेत लिहिलं होतं. मागच्याच महिन्यात स्वानंदीच्या वाढदिवसाचा शिरा या माउलीनं "मस्त गोड झाला" म्हणत संपवला होता, तोही पेला प्यायल्यावर लगेच... तेव्हाही जिभेवर मातीच असेल, आणि तरी सुनेचं मन राखलं असेल! त्या विचारानं तिचं काळीज विदीर्ण झालं.

"आई, माती समजून गिळा. पण गिळा."

दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टरांनी आकडा सांगितला, अडतीस. गोळी, वर अर्क आणि पोटात अन्नाचा कण नाही. प्रफुल्ल, तिचा नवरा, प्लांटमधून ड्युटी सोडून धावत आला. आईचे गार पाय चोळत बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सिंधुताईंनी डोळे उघडले.

"पोरीचा ताप उतरला का?"

गुंजनला हुंदका आवरेना. "उतरला. पण तुम्ही सांगितलं का नाही?"

"उपासाचं सांगतलं असतं तं तू धरू देल्ला असता?"

"आणि थरथर?"

"सांगतली होती ना एकडाव. मंग वाटलं, पहाटे उठून इतक्या मायेनं करून राहिली पोरगी, कसं नाही म्हणू..." त्यांनी सुईचा हात सांभाळत तिच्या गालाला स्पर्श केला. "तुही बीएस्सी पास झाली, बाप्पा. सासूच नापास निघाली."

गुंजननं त्या हातावर कपाळ टेकलं. तिला क्षमा मिळाली होती... पण ज्या मायेनं ती पेला भरत आली, त्याच मायेनं तिनं त्यांचं तोंड बंद केलं होतं, हे शल्य तिच्या उरात तसंच राहिलं. आता औषध डॉक्टर ठरवतात. साखरेचा खडा सासूबाईंच्या पदराला बांधलेला असतो. आणि रोज सकाळी सिंधुताईंच्या नकळत ती एक गोष्ट करते.

तीच तुम्हीही करा. तुमच्या घरीही असेल असं कुणी, जे तुम्ही दिलेलं निमूटपणे पितं आणि बरं आहे म्हणतं. आज त्यांच्याजवळ जा, जेवलात का म्हणून विचारा. "हो" म्हणतीलच. त्या "हो"वर परतू नका. ओट्यावरच्या ताटलीवरचं झाकण एकदा उचलून पाहा.